मच्छरदाणीचे दांडे

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी एक चित्र काढलं आणि त्याला चौकट करायचं यांनी मनावर घेतलं. करायची म्हणजे बाजारातून करून आणायची नव्हे, स्वतःच्या हातानं करायची. हे रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. लाकडाचं काम त्यांनी आयुष्यात एकच केलं होतं, न्हाणीघराच्या दाराला कडी बसवण्याचं, आणि ती कडी आतून लावली तरी बाहेरून उघडायची. पण सुतारकाम आपल्या हाताला आहे, ही त्यांची पक्की समजूत होती, आणि समजुतीला काय, ती कडीवाचूनही टिकते.

चित्र माझ्या माहेरच्या विहिरीचं होतं. काटोलकडे माझ्या वडिलांचा संत्र्याचा बगीचा होता आणि त्याच्या मधोमध ही विहीर. आई मी लहान असतानाच गेली. वडील गेले माझ्या लग्नाच्याच वर्षी, भाद्रपदात. मला भाऊ नाही की बहीण नाही, तेव्हा बगीचा चुलत भावांकडे गेला. ते काही वाईट नव्हते. पण सणावाराला मला ‘ये’ म्हणून निरोप धाडावा असं त्यांच्यापैकी कुणाला सुचलं नाही, आणि न बोलावता जायचा माझा स्वभाव नाही. माहेर असं भांडणतंट्याशिवायच संपलं. भांडण झालं असतं तर निदान दोन शब्द तरी झाले असते, असं मला तेव्हा वाटायचं.

मी चौथीपर्यंत शिकले आणि चित्रकला अजिबात शिकले नाही. नागपंचमीला भिंतीवर नाग काढायचे, दारात रांगोळी घालायची, एवढाच हाताला सराव. यांनी इतवारीतल्या कापडाच्या दुकानातून एक जाड पुठ्ठा मागून आणला होता. त्यावर मी मांजरपाट खळीनं चिकटवला. गेरू, नीळ, पिवडी आणि काजळ डिंकाच्या पाण्यात कालवले. नीळ आणि पिवडी मिळून संत्र्याच्या झाडांचा हिरवा झाला. काठाचे दगड, मोटेची धाव, मागे झाडांची रांग, असं सगळं जमेल तसं काढलं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि मामंजी तेव्हा वर्ध्याला नणंदेच्या बाळंतपणाला गेले होते. घरी आम्ही दोघंच. त्या मोकळ्या दुपारी नसत्या तर हे चित्र झालंच नसतं.

चित्र झालं, पण ठेवायचं कुठे? आमच्या घरात भिंतीला फक्त देवांच्या तसबिरी. आत्याबाई म्हणायच्या, “भित देवाची, नाहीतर पालीची.” मी ते ज्वारीच्या कोठीवर टेकवून ठेवलं होतं. ज्वारी काढायला झाकण उचललं की चित्र घसरायचं, आणि एकदा त्याचा कोपरा दुमडला. त्या दिवशी मी भाकरी जरा जास्तच जोरात थापल्या असाव्यात, कारण हे जेवता जेवता म्हणाले, “अवं, त्याले चौकट पायजे. चौकट लागली का मंग ते भितीवर जाते. आणि भितीवर गेलं का कोणी हलवत नाही.”

मला तेच हवं होतं. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, आणि माझं जे काही मागे होतं ते सगळं त्या पुठ्ठ्यावर होतं. ते चित्र मला भिंतीवर हवं होतं, कुणी आलं-गेलं तरी तिथेच राहील असं. हट्ट म्हणायचा तर हट्ट म्हणा.

लकडगंज आमच्या घरापासून इतकं जवळ की दुपारी लाकूड चिरणाऱ्या आरामशिनीचा आवाज ऐकू यायचा. हे एका रविवारी तिकडे गेले. ओंडक्यांवर बोटांनी टकटक करून आले आणि हात हलवत परतले. “सारं ओलं हाय,” म्हणाले. “ओलं लाकूड उन्हाळ्यात वाकडं होते.” हे त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी तिथेच ठरवलं होतं, कोण जाणे. मग त्यांनी स्वतःच्याच घरात लाकूड शोधायला सुरुवात केली. पाट उलटे करून पाहिले. माझ्या लाटण्यावरही त्यांची नजर गेली, ते मी काढून घेतलं. शेवटी ते माळ्यावर चढले आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चार दांडे घेऊन खाली उतरले.

“हे पाय. सागवान. किती वर्सांचं वाळलं असंल.”

दांडे धुरानं काळे पडले होते. टोकांना खाचा होत्या आणि अंगभर अगदी बोटाबोटावर बारीक भोकं होती.

“कायचे होत हे?” मी विचारलं.

“मच्छरदाणीचे दांडे. भोकं पाय ना, नाडी ओवाले.”

“मंग मच्छरदाणी कुठी हाय?”

“उंदरानं खाल्ली असंल.”

“आत्याबाई आल्यावर इचारा, मंग हात लावा.”

“मच्छरदाणीच्या दांड्यासाठी मायले वर्ध्याले तार करू काय?”

त्या घरातलं काय कुठलं, हे त्यांना माहीत असणार, मी तर नवीन. पहिल्या वर्षीचा अख्खा भाद्रपद माझा काटोलला वडिलांच्या उशाशी गेलेला. इथले सण मी अजून पुरते पाहिलेही नव्हते.

शेजाऱ्यांकडून करवत आणि रंधा आला. रंध्याखाली काजळी निघाली आणि आतून लाकूड तांबूस, सुरेख निघालं. रंधा चालताना मला तळणाचा वास आला. मी म्हटलं तसं. हे म्हणाले, “सागवानाले तेल असतेच.”

कोपरे तिरपे कापायचे होते. त्यासाठी त्यांनी चौकोनी कागदाची घडी घालून रेघ काढली, ती मात्र अगदी बरोबर होती. चुकली ती करवत. तीन कोपरे जुळले आणि चौथ्यात माझी करंगळी जाईल एवढी फट राहिली. ती भरायला समोरची बाजू थोडी कापली, तेव्हा जुळलेला कोपरा उघडला. असं करत करत चौकट दर रविवारी लहान होत गेली. शेवटी ती चित्रापेक्षाच लहान झाली आणि मला वरचं दोन बोटं आभाळ कापून टाकावं लागलं. आभाळ भरपूर होतं म्हणून निभावलं.

मग यांनी सरस आणला. सुतार सरसच वापरतात, म्हणाले, आणि अंगणातून डबा माझ्या चुलीकडे नेऊ लागले. सरस जनावराच्या कातड्याचा असतो हे मला ठाऊक होतं, पण खरं सांगायचं तर मी सोवळ्याओवळ्याचा विचार केला नाही. आमच्या गावी चांभाराकडे तो उकळताना मी एकदा वास घेतला होता आणि दिवसभर मला अन्न गेलं नव्हतं. “तो डबा घरात आला तर मी घराबाहीर,” मी म्हटलं. हे फुरंगटले, पण बाभळीच्या डिंकावर तयार झाले. डिंकानं सांधे धरले, बारीक चुका ठोकल्या, भोकं मेण आणि भुसा घालून बुजवली, वरून जवसाचं तेल चोळलं. तेल पुसायला ते जुनं लुगडंच घेतलं. काच लढाईमुळे महाग झाली होती, ती पुढच्या महिन्यात आणू असं ठरलं. तो महिना कधी आला नाही.

चौकट माजघरात दारासमोर लागली. एक कोपरा थोडा उंच होता आणि उजवीकडची फट नीट पाहिली तर दिसायची. मला ती नीट पाहायची गरज नव्हती. पाणी भरून आत येताना समोर विहीर दिसायची आणि दर वेळी बरं वाटायचं. दिवसभरात मी कामाशिवायसुद्धा त्या दारातून ये-जा करायचे. यांना मी तसं काही म्हटलं नाही, पण त्या आठवड्यात त्यांना दोनदा भरीत केलं.

नणंदेच्या बाळाची तब्येत जरा नरम होती, म्हणून आत्याबाईंना वर्ध्याहून निघायला उशीर झाला. त्या आल्या तेव्हा महालक्ष्म्या एका दिवसावर होत्या. आमच्याकडे महालक्ष्म्या हा घरचा सर्वांत मोठा सण. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी तीन दिवसांसाठी माहेरपणाला येतात. आल्या त्या पायीच आत्याबाई कामाला लागल्या. चित्राकडे एकदा नजर गेली असावी, पण थांबल्या नाहीत. पेटीतून मुखवटे निघाले, पितळेची भांडी निघाली, मी पापड्या लाटायला बसले. मग त्या यांना म्हणाल्या, “बाबू, माळ्यावरून फुलोऱ्याची चौकट काढ गा.”

फुलोरा म्हणजे महालक्ष्म्यांच्या डोक्यावर छताला टांगतात ती लाकडी चौकट. तिला दोऱ्यांनी करंज्या, पापड्या, कणकेच्या तळलेल्या वेण्या-फण्या लटकवलेल्या असतात. हे शिडीला हात लावून म्हणाले, “कशी असते?”

“चार दांडे हायेत. माह्या जुन्या लुगड्यात बांधले. खाचेत खाच बसवली का चौकट होते.”

यांचा एक पाय शिडीवर होता, तो तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. आणि आम्हा दोघांकडे पाहून आत्याबाईंनीही भिंतीकडे पाहिलं.

त्या उठल्या, चित्राजवळ गेल्या आणि चौकटीवरून अंगठा फिरवला. मेण लागलेलं भोक त्यांना लगेच सापडलं.

“भोकं बुजवले?”

“हो.”

“रंधा मारला?”

“हो.”

“आणि कापले बी?”

यांनी शिडीवरचा पाय खाली घेतला. मग हळूच म्हणाले, “माय, मले वाटलं मच्छरदाणीचे दांडे हायेत.”

“या घरात मच्छरदाणी पायली कधी तू? दर साली त्याच्याखाली बसून करंज्या खाल्ल्या ना? मंग मालूम काहून नाही?”

मामंजी पडवीतून म्हणाले, “वर कोण पायते? सारे करंजीच पायतेत.”

आत्याबाई तिथेच खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या घाबरल्या होत्या. मी त्यांना तशी कधी पाहिली नव्हती. महालक्ष्म्यांच्या करण्यात खंड पडू नये, लाकूडसुद्धा बदलू नये, असं त्यांना त्यांच्या सासूनं बजावलेलं. आणि इतक्यात त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली असावी, कारण त्यांनी मान वर करून विचारलं, “कायनं चिकटवलं?”

प्रश्न मला तेव्हा कळला. सरस लागला असता तर ते लाकूड देवीच्या डोक्यावर पुन्हा कधीही जाणार नव्हतं.

“डिंकानं,” हे म्हणाले. “हिनं सरस घरात येऊ नाही देल्ला.”

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. सुनेला आचार-विचार आहे, असं त्यांना वाटलं असणार. मी ते वाटू दिलं. “डिंक असंल तर उखडते,” त्या म्हणाल्या. “कोमट पाण्याचं फडकं फिरवा आणि ते चित्र बाहीर काढा.”

आणि इथे माझा तोल गेला. दीड वर्षात मी त्या घरात चढ्या आवाजात बोलले नव्हते. हातातलं लाटणं ठेवलंही नाही, तसंच उभी राहिले आणि म्हटलं, “चौकट घ्या आत्याबाई, देवीचीच हाय ते. पण माह्यं चित्र माळ्यावर नाही जाणार. कोठीवर बी नाही जाणार.” मला लाज वाटली आणि रागही आला, आणि कुणाचा राग ते काही कळेना. चौकट एकदा गेली की परत येणार नाही, आणि चित्र उंदरांना जाईल, यांनी सांगितलेली मच्छरदाणी गेली तसं, असंच माझ्या डोळ्यांपुढे आलं.

“माळ्यावर कोण म्हटलं?” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं. “तुह्या बापाची विहीर काय हे?”

“हो.”

“मोटेचे बैल कुठी हायेत?”

“बैल काढता येत नाही मले.”

“हं,” म्हणाल्या. यांनी चित्र सोडवून दिलं तसं त्यांनी ते काखोटीला मारलं आणि आत घेऊन गेल्या. कुठे ठेवलं ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी पुन्हा पापड्या लाटायला बसले. त्या वर्षीच्या पापड्यांत मीठ थोडं जास्त असेल तर ते माझं आहे.

यांनी दिवेलागणीपर्यंत दाभणानं भोकं मोकळी केली आणि सांधे परत जुळवले. पुढचे दोन दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर पडलेच नाही. पुरण, आंबील, सोळा भाज्या. बाहेर महालक्ष्म्या कधी उभ्या राहिल्या तेही मला दिसलं नाही. आरतीला हाक आली तशी हात पुसत गेले.

दर वर्षी दोघींच्या मागे भिंतीवर हिरवं लुगडं बांधतात, असं मी ऐकून होते. तिथे लुगडं नव्हतं. दोघींच्या मधोमध, मागे, पाटावर माझी विहीर उभी होती. संत्र्याच्या झाडांची रांग ज्येष्ठेच्या खांद्यामागून निघून कनिष्ठेच्या खांद्यामागे गेली होती.

मी दारातच थांबले. आत्याबाई निरांजनाची वात सारखी करत होत्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “माहेरी आल्या ना त्या? मंग मांगं माहेर नको काय?”

हळदीकुंकवाला बायका आल्या. फुलोरा लहान झालेला, त्यामुळे करंज्या एकमेकींवर आपटत होत्या आणि एक फणी तुटून खाली पडली. “एवढी दाटी काहून झाली वं?” एकीनं विचारलं. “यंदा करंज्या जास्त केल्या,” आत्याबाईंनी सांगून टाकलं. यांनी छताकडे पाहिलं, आयुष्यात पहिल्यांदाच म्हणायला हरकत नाही. दुसरी म्हणाली, “ही विहीर कोणाची?” तेव्हा मात्र आत्याबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “आमच्या सुनेच्या माहेरची. काटोलची हाय.”

ती चौकट पुढे विहिरीलाच लागली. वर्षभर भिंतीवर राहायची, भाद्रपदात उतरायची, तीन दिवस फुलोरा सांभाळून परत वर जायची. भोकं पुन्हा कुणी बुजवली नाहीत. लोक विचारतात, चित्राच्या चौकटीला एवढी भोकं कशाला? मी सांगते, मच्छरदाणीचे दांडे आहेत.

पण मला सांगायचं ते तिसऱ्या दिवसाचं. महालक्ष्म्यांना निरोप द्यायचा दिवस. आत्याबाईंनी दोघींच्या ओट्या भरल्या, दहीभाताची शिदोरी ठेवली. मी अक्षता घेऊन बाजूला उभी होते. त्या वळल्या आणि म्हणाल्या, “तू बी उभी राह्य इथं. तोंड तिकडं कर.”

“मी कशाले?”

“सांगतलं ते कर.”

मी विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. पदर पसरायला सांगितला तसा पसरला. तांदूळ आले, हळकुंड आलं, खोबऱ्याची वाटी आली, खण आला. सासरी परत जाणाऱ्या लेकीची ओटी माहेरी भरतात, तशी त्या भरत होत्या. सगळ्यांवर त्यांनी एक हिरवं, कच्चं संत्रं ठेवलं. हंगाम अजून यायचा होता. यांना सकाळीच कशाला बाजारात पिटाळलं होतं ते मला तेव्हा कळलं.

“आंबट असंल,” त्या म्हणाल्या. “पण काटोलचं हाय, मी त्याले इचारून आणाले लावलं.”

मग त्यांनी महालक्ष्म्यांवर अक्षता टाकल्या आणि दोघींना म्हणाल्या, “पुढच्या साली या.” मुठीत थोड्या अक्षता उरल्या होत्या. त्या माझ्या डोक्यावर टाकून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, “पुढच्या साली ये वं बाई.”

वडील गेल्यापासून मला ‘ये’ कुणी म्हटलं नव्हतं. मी पदर घट्ट धरला आणि येईन म्हणाले.